हलणारा बोल्ट आणि एक भागाकार

विज्ञानात आपण साधी यंत्रे शिकवतो. तरफ, कप्पी, उतरण, पाचर आणि स्क्रू. 'स्क्रू म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेली उतरण' हे वाक्य मुलं पाठ करतात आणि पान उलटतात. पण बोल्ट भोकात थोडा सैल का असतो, आणि किती सैल असलेला चालतो, हा प्रश्न वर्गात सहसा निघत नाही. मला तो भुकूममधल्या एका गॅरेजात भेटला.

वडिलांची जुनी प्रीमियर पद्मिनी आहे, कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली. धूर फार टाकू लागली म्हणून इंजिन पूर्ण खोलायला दिलं. गॅरेजवाल्यांचा भाचा आमच्याच शाळेत नववीत आहे. रविवारी मामाला पाने देतो, नटबोल्ट डिझेलमध्ये धुतो. गणिताच्या घटक चाचणीत तो नापास झाला होता. त्याची आई मला भेटून गेली होती. "सर, नववी झाली की गॅरेजातच टाकू का ह्याला? शाळेत ह्याचं मन नाही." उत्तरासाठी मी थोडे दिवस मागून घेतले होते.

इंजिन जुळवताना हेडचे बोल्ट हाताने लावायला घेतले, तेव्हा पोरगा म्हणाला, "मामा, हे तर हलतायत. आटे गेले वाटतं."

मामा म्हणाले, "हलतोय म्हणून गेलाच असं नसतं. मोजून सांग."

मला हे वाक्य फार आवडलं, कारण ते शास्त्राला धरून आहे. बोल्ट आणि भोक यांच्यात फट मुद्दाम ठेवलेली असते. 8 मिलिमीटर जाडीच्या नेहमीच्या एम-8 बोल्टचं उदाहरण घ्या. नव्या कोऱ्या जोडीतही आट्यांमध्ये साधारण 0.03 ते 0.3 मिलिमीटर फट मापात धरली जाते. ती नसेल तर जरा धूळ किंवा गंज आला की बोल्ट अडकेल. मग आवळल्यावर जोड घट्ट कसा होतो? बोल्ट अगदी किंचित ताणला जातो, स्प्रिंगसारखा. आट्याची एक बाजू दुसऱ्यावर दाबून बसते आणि सगळी फट विरुद्ध बाजूला जाते.

पोराने नवा बोल्ट त्याच भोकात लावून पाहिला. तोही तेवढाच हलला. आटे बोटाने आणि डोळ्याने तपासले, धार शाबूत होती. मामांनी भोकाच्या तळाचं तेल पुसून घ्यायला लावलं. बंद भोकात तेल साचलं आणि वरून बोल्ट आवळला तर तेलाला जायला वाट नसते, बीड तडकू शकतं. आटेही स्वच्छच हवेत. पाना फिरवायला आपण जो जोर लावतो त्यातला जवळजवळ निम्मा बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो, सुमारे 40 टक्के आट्यांच्या घर्षणात, आणि जेमतेम 10 टक्के बोल्ट ताणायला उरतो. घाण असेल तर टॉर्क पाना बरोबर आकडा दाखवतो, पण जोड ढिला राहतो.

हेडवर पाण्याच्या पाइपच्या जोडाचा एक बोल्ट मात्र वेगळा निघाला. तोही हलत होता, पण दोन-तीन फेऱ्यांनंतर अडकायचा. मामांनी पिच गेज पोराच्या हातात दिलं. एका पूर्ण फेरीत बोल्ट जेवढा पुढे सरकतो तो त्याचा पिच. भोक एम-8 चं, म्हणजे पिच 1.25 मिलिमीटर. बोल्टवर गेजचं 18 आट्यांचं पान बसलं, एका इंचात 18 आटे. पोराने कॅलेंडरच्या मागे भागाकार मांडला. 25.4 भागिले 18, उत्तर 1.41. जाडी 5/16 इंच, म्हणजे 7.94 मिलिमीटर. जाडी जवळपास सारखी, पिच वेगळा! आधी कधीतरी कुणीतरी हा इंची बोल्ट तिथे रेटला होता. ब्लॉक बिडाचा, पण हेड ॲल्युमिनियमचं. मऊ धातूचे आटे खाल्ले गेले होते.

अशा वेळी टेफ्लॉन टेप गुंडाळणं किंवा पंचने ठोकून आटे फुगवणं हा उपाय नव्हे. लॉकचं द्रावण धक्क्यांनी बोल्ट सुटू नये म्हणून असतं. गेलेले आटे ते परत आणत नाही. मामांनी भोक 8.3 मिलिमीटरच्या ड्रिलने मोठं केलं, खास टॅपने नवे आटे पाडले आणि त्यात तारेचं हेलीकॉइल बसवलं, कडेच्या पाव ते अर्धी फेरी आत. मग खालची जीभ तोडून बाहेर काढली. हेड भंगारात जायचं वाचलं.

शेवटी नवा एम-8 बोल्ट हाताने लावत पोराने फेऱ्या मोजल्या. दहा. दहा गुणिले 1.25, म्हणजे साडेबारा मिलिमीटर पकड. ॲल्युमिनियममध्ये जाडीच्या निदान दीडपट पकड हवी, म्हणजे 12. "बसतंय," तो म्हणाला.

तो कॅलेंडरचा कागद मी मागून घेतला आणि त्याच्या आईला दाखवला. म्हटलं, "ताई, गॅरेजात जाऊ दे, पण दहावीनंतर. आयटीआयच्या मोटार मेकॅनिकच्या ट्रेडला गणित आणि विज्ञान घेऊन दहावी लागते. हा भागाकार त्याने स्वतः केलाय." कागद त्यांनी घडी घालून ठेवून घेतला. पोराचं नाव दहावीच्या हजेरीत आहे. गणितात त्याला अजून कष्ट आहेत.

शिक्षकमित्रांनो, हार्डवेअरच्या दुकानातून एक एम-8 नट, एक एम-8 बोल्ट आणि एक 5/16 इंची बोल्ट आणा. मुलांना दोन्ही बोल्ट नटात लावू द्या. जोर लावू देऊ नका. कोणता हलतो, कोणता अडकतो, एका फेरीत किती सरकतो, ते वहीत लिहायला सांगा. दहा फेऱ्यांचं अंतर पट्टीने मोजून दहाने भागलं की पिच मिळतो. पालकांनाही हे घरी सहज जमेल. मूल "सैल आहे" म्हणालं, की एवढंच विचारा, "किती?"