इस्तंबूलमधला शेवटचा दिवस

रात्रीचे विमान होते. हातात जेमतेम आठ तास. मुलींना ग्रँड बाजार पाहायचा होता, अम्मींना बोस्फरसमध्ये बोटीची फेरी हवी होती. अब्बांचे मागणे एकच होते, "सुलेमानिया मशीद ज्याने बांधली, त्याच्या कबरीवर फातिहा पढायची आहे. बाकी तुमचं तुम्ही ठरवा."

अब्बांनी चाळीस वर्षे चिपळूणकडे गवंडीकाम केले. जांभ्याचे चिरे रचता रचता गुडघे गेले. म्हणून बाजार आणि बोट दोन्ही सोडून आम्ही एमिनोनूहून टेकडी चढू लागलो. थोडे चालायचे, थोडे थांबायचे.

सुलतान सुलेमानसाठी मिमार सिनान यांनी ही मशीद 1550 ते 1557 या काळात उभारली. घुमटाची उंची सुमारे 53 मीटर. भोवती मदरसे, दवाखाना आणि गरिबांसाठी लंगरखाना. आत शिरल्यावर आम्ही घुमटाकडे पाहत राहिलो. अब्बांची नजर मात्र दगडांच्या सांध्यांवर होती. जोहरची नमाज अदा करून आम्ही कबरीकडे निघालो.

सुलतान आणि त्यांची बेगम हुर्रेम यांचे मकबरे मशिदीच्या मागच्या कबरस्तानात आहेत. सिनान यांची कबर आवाराबाहेर, दोन रस्ते मिळतात त्या कोपऱ्यावर. जवळपास पन्नास वर्षे उस्मानी सल्तनतीचे मुख्य वास्तुकार राहिलेल्या या माणसाने आपली शेवटची जागा स्वतःच आखली होती. 1588 मध्ये त्यांचा इंतकाल झाला. भिंतीच्या जाळीतून कबर दिसते आणि कोपऱ्याच्या अगदी टोकाला आहे सबील, म्हणजे वाटसरूंची पाणपोई.

अब्बांनी जाळीशी उभे राहून दुआ मागितली. मग म्हणाले, "एवढं मोठं काम केलं, आणि स्वतःला एवढीशी जागा. त्यातही पुढचा कोपरा तहानलेल्यांना दिला."

सकाळपासून बाजारासाठी रुसलेल्या धाकटीने विचारले, "दादाअब्बा, तुम्ही किती घरं बांधलीत?"

अब्बा बोटांवर मोजू लागले. कुणाचे घर, कोणत्या साली, चिरा कोणत्या खाणीतला, त्या पावसाळ्यात काय झाले. त्यातल्या एकाही घरावर त्यांचे नाव नाही. विमानतळावर पोहोचलो तरी मोजणी संपली नव्हती, आणि धाकटी वहीत लिहून घेत होती.