पाद्रीबंगल्याची ओसरी

जालन्याजवळचे बेथेल हे गाव रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी वसवले. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून त्यांनी जमीन मिळवली. गावकुसाबाहेरच्या मातंग कुटुंबांना तिथे हक्काची जागा मिळाली. शेषाद्री १८९१ साली वारले.

पुढे सातव्या एडवर्ड राजाच्या काळात, १९०१ ते १९१०, विलायतेत ग्रीक-रोमन देवळांसारखे गोल खांब घरांना लावायची आवड होती. तिकडे ते शोभेचे. आपल्याकडच्या पाद्रीबंगल्यांत मात्र खांबांवर ओसरीचे छप्पर उभे राहते, भिंतींवर ऊन येत नाही, आणि उंच छताजवळच्या झरोक्यातून तापलेली हवा निघून जाते. आपल्या वाड्यांची ओसरीही हेच करते. तेव्हा मंडळी, नवे घर बांधताना गच्चीपायी ओसरी विसरू नका.