हिंगणघाटचा उन्हाळा, दोन मुलगे आणि मी

मैत्रिणींनो, वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर झाला की मुलांच्या अंगात वारं शिरतं आणि आपल्या पोटात गोळा येतो. दीड-दोन महिने या मंडळींना गुंतवायचं तरी कशात? त्यातून तुम्ही विदर्भातल्या असाल तर प्रश्न दुप्पट अवघड. ‘सुट्टीत मुलांना मोकळ्या हवेत खेळू द्या’ असा सल्ला कुठे वाचला की मला हसू येतं. आमच्या हिंगणघाटला मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे सरकतो. सकाळी दहालाच रस्ते ओस पडतात. कसली मोकळी हवा अन् काय!

पूर्वी या प्रश्नाला एका शब्दाचं उत्तर होतं : आजोळ. माझं माहेर यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात. तिथली विहीर, आमराई आणि माझी आई, एवढ्यावर मुलांची सुट्टी निघून जायची. आई गेली. पाठोपाठ घरही विकावं लागलं. भाऊ पुण्यात दोन खोल्यांत राहतो. वहिनी जिवाभावाची आहे, पण तिच्या घरात आम्ही तिघांनी महिनाभर ठाण मांडायचं म्हणजे तिलाही जड आणि आम्हालाही अवघड. त्या वर्षी धाकट्यानं विचारलं, “आई, आता आपला मामाचा गाव कुठला गं?” या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं, सांगा!

चिखलदऱ्याला चार दिवस जाऊन यावं म्हटलं तर ह्यांच्या पगारात आणि माझ्या अर्धवेळ शिकवण्याच्या पैशांत ते दरवर्षी बसत नाही. तेव्हा मनाशी ठरवलं, मुलांचं आजोळ इथंच उभं करायचं, याच गावात. मोठा आता सहावीत आहे, धाकटा तिसरीत. असे तीन उन्हाळे आम्ही काढले. त्यातून जे हाती लागलं ते तुमच्याही उपयोगी पडेल म्हणून लिहिते आहे.

दिवसाचे चार तुकडे

उन्हाशी भांडण करायचं नाही, हा पहिला धडा. आम्ही दिवसाचे चार तुकडे पाडले. पहाटे साडेपाच ते आठ बाहेर. मग घरातली कामं. दुपारी दारं-खिडक्या लावून बैठे उद्योग. सहानंतर पुन्हा बाहेर, आणि रात्री गच्ची.

पहाटेच्या वेळी आम्ही बहुधा वणा नदीकडे जातो. उन्हाळ्यात नदी आक्रसते, पण सकाळच्या वेळी तिच्या काठी बगळे असतात, खंड्या असतो, ओल्या वाळूत पक्ष्यांच्या पायांचे ठसे असतात. कुठला ठसा कुणाचा यावर दोघांचं भांडण जुंपतं. एक नियम मात्र कडक : पाण्यात उतरायचं नाही. उन्हाळ्यात नदी उथळ दिसते, पण पात्रातल्या खड्ड्यांचा वरून अंदाज येत नाही. दरवर्षी वर्तमानपत्रात त्या बातम्या येतातच. पोहायचं असेल तर शिकवणाऱ्या माणसाच्या नजरेखालीच.

येताना बाजार. मोठ्याकडे हिशेब, धाकट्याकडे पिशवी. टरबूज कसं निवडायचं हे आता दोघांनाही कळतं. जमिनीला टेकलेल्या बाजूचा डाग पिवळट असेल तर फळ वेलीवर पिकलेलं. पांढरा असेल तर घाईनं तोडलेलं. एकदा जरा उशीर झाला तर भाजीवाली आजी मला म्हणाली, “कायले फिरवतं वं बाई लेकरायले उन्हाचं?” आणि धाकट्याच्या हातात एक कैरी ठेवली. या आज्या मला आईसारख्याच वाटतात.

कधी फलाटाचं तिकीट काढून आम्ही स्टेशनावर बसतो. आमच्या गावावरून दिल्ली–चेन्नई हा मोठा लोहमार्ग जातो. डब्यांवरच्या पाट्या वाचायच्या आणि घरी येऊन ती गावं नकाशात शोधायची. भूगोल असा शिकवावा लागत नाही. ही लाइन १८७० च्या दशकात वर्ध्याहून वरोऱ्याच्या कोळशासाठी आली आणि आमच्या कापसालाही तिचा फायदा झाला. एकोणिसाव्या शतकात ‘हिंगणघाट’ हे कापसाच्या एका जातीचंच नाव होतं. इंग्लंडात लिव्हरपूलच्या बाजारात त्या नावानं भाव निघत. हे सांगितल्यापासून कापसाच्या गाड्या दिसल्या की मुलं मान ताठ करून बघतात.

दुपारची कामं

वाळवणाच्या दिवसांत मुलगे गच्चीचे राखणदार. कावळे हाकलायचे, कुरडया उलटायच्या. मजुरी म्हणून वाटीभर गरम चीक, वर तेल. शिवाय माठ भरणं, कपड्यांच्या घड्या घालणं, कूलरमध्ये पाणी घालणं ही कामं वाटून दिलेली आहेत. कूलरपाशी मात्र आधी बटण बंद करायचं, मग प्लग काढायचा, आणि हे मी स्वतः पाहिल्याशिवाय कुणी बादली उचलायची नाही. ओल्या हातानं चालू कूलरला शिवणं जिवावर बेततं.

शेजारच्या एक बाई म्हणाल्या, “मुलग्यांना कसली बायकी कामं लावता?” मी म्हटलं, “भूक लागते ती बायकी असते का पुरुषी?” मैत्रिणींनो, उद्या ही मुलं शिक्षणाला परगावी जातील. तेव्हा वरणभात तरी त्यांना आला पाहिजे, आणि आपल्या सुनांनी आपल्याला दुवा द्यावा असं वाटत असेल तर आजच सुरुवात केलेली बरी.

गावातली एक कबर

आपल्या गावात पाहण्यासारखं काय आहे, असं आपण सगळ्याच म्हणतो. मीही म्हणत असे. मग शाळेत भूगोलाचा धडा शिकवताना एक नाव सापडलं : विल्यम लॅम्बटन. या इंग्रज अधिकाऱ्यानं १८०२ साली मद्रासजवळ जमिनीवर एक सरळ रेघ मोजली आणि तिच्यावर त्रिकोणामागून त्रिकोण रचत हिंदुस्थान मोजायला घेतला. पृथ्वी नेमकी किती गोल, कुठे चपटी, हेही त्याला शोधायचं होतं. कोन मोजायचं त्याचं यंत्र जवळजवळ अर्ध्या टनाचं. तंजावरच्या देवळाच्या शिखरावर चढवताना ते आदळलं आणि वाकलं, तर या माणसानं कित्येक आठवडे खपून ते स्वतःच्या हातानं नीट केलं. वीस वर्षं तो असा चालत राहिला. हैदराबादहून नागपूरला निघालेला असताना २० जानेवारी १८२३ रोजी त्यानं आमच्या हिंगणघाटला देह ठेवला. वय सत्तरीच्या घरात. त्याची कबर इथंच आहे.

त्याचं काम पुढे ज्यानं चालवलं त्याचं नाव जॉर्ज एव्हरेस्ट. होय, तोच! पुढे राधानाथ सिकदार या बंगाली गणितज्ञाच्या आकडेमोडीतून जगातलं सर्वांत उंच शिखर ठरलं आणि १८६५ साली त्याला एव्हरेस्टचं नाव दिलं गेलं. मुलांना हे सगळं आधी सांगून मग कबर दाखवायला नेलं. धाकटा म्हणाला, “एवढीशीच?” मोठा मात्र गप्प होता. परतताना म्हणाला, “आई, म्हणजे एव्हरेस्टचा रस्ता आपल्या गावावरून गेला.” आठवड्याभराची सहल काढूनही मला ते वाक्य मिळालं नसतं.

मग घरात मोजणीचं वेडच शिरलं. तुम्हीही हा खेळ मुलांना द्या. सकाळी तीन फुटांची काठी अंगणात उभी करायची आणि तिची सावली मोजायची. त्याच वेळी झाडाचीही सावली मोजायची. काठीची सावली दोन फूट आणि आमच्या निंबाची सोळा फूट भरली; म्हणजे झाड चोवीस फूट उंच. त्रैराशिकाचा कंटाळा करणारा माझा मुलगा आता गल्लीतल्या विजेच्या खांबांची उंची सांगत हिंडतो.

आणखी एक गंमत. कर्कवृत्ताच्या दक्षिणेकडच्या प्रत्येक गावात सूर्य वर्षातून दोनदा भर दुपारी थेट डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. हिंगणघाटला हा दिवस २३ मेच्या आसपास येतो, दुपारी बारा वाजून दहा मिनिटांच्या सुमारास. दुसरा जुलैत, पण तेव्हा ढग असतात. डोक्याला ओला पंचा बांधून आम्ही पायरीवर स्टीलचा उभा डबा ठेवतो. सावली आखडत आखडत डब्याच्या बुडात शिरते आणि दोघं टाळ्या पिटतात. दोन मिनिटांचा खेळ, लगेच घरात. एरवी ज्या उन्हाला आपण शिव्या देतो त्याची मुलं वर्षभर वाट पाहतात, हे काय थोडं झालं?

दोन लहान सहली

सुट्टीत दोनदाच आम्ही गावाबाहेर जातो, तेही पहिल्या एस. टी.नं.

एक गिरडला. समुद्रपूर तालुक्यात टेकडीवर शेख फरीद बाबांचा दर्गा आहे. हिंदू-मुसलमान दोघंही नवसाला येतात. टेकडीवर सुपारी-जायफळासारखे गोल दगड सापडतात. कुणा व्यापाऱ्यांनी बाबांची थट्टा केली म्हणून त्यांचा मालच दगड झाला, अशी कथा आहे. कथा सांगून झाल्यावर मी मुलांना दुसरीही गोष्ट सांगते. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्हा पसरला. तो थिजताना आत बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या. त्यांत पाण्याबरोबर खनिजं साचली आणि भोवतालचा खडक झिजल्यावर या गोट्या सुट्या झाल्या. “मग खरं कुठलं?” असं धाकट्यानं विचारलं. मी म्हटलं, दगड कसा झाला ते दुसरीत आहे, आणि कुणाची थट्टा करू नये हे पहिलीत. दोन्ही लक्षात ठेव.

दुसरी सेवाग्रामला. वर्ध्यापर्यंत गाडीनं, तिथून पुढे रिक्षा. गांधीजी १९३६ साली या शेगावात राहायला आले. १९४० मध्ये गावाचं नाव सेवाग्राम झालं. बापूकुटीच्या मातीच्या भिंती, कौलं आणि रुंद ओसरी यांमुळे भर उन्हात आत पाऊल टाकलं की जीव थंड होतो. मुलांना सगळ्यांत आवडला तो साप धरायचा लाकडी चिमटा आणि पिंजरा. साप मारायचा नाही, धरून लांब नेऊन सोडायचा. मोठ्यानं घरी येऊन खिडकीला वाळ्याची ताटी लावायला लावली आणि रोज दुपारी तीवर पाणी मारायचं काम आपणहून घेतलं.

एवढं जवळ असू द्या

पिशवीत पाण्याची बाटली, गूळ, कांदा आणि ओला रुमाल हवाच. घरी कैऱ्या उकडून, गर काढून, गूळ, मीठ, वेलची घालून ठेवा. पाणी घातलं की पन्हं तयार. जुलाब-उलटी झाली तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून थोडं थोडं पाजा. अंग तापलेलं आहे, मूल बरळतं आहे किंवा गुंगीत आहे, असं दिसलं तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. अंगावर गार पाणी मारत, वारा घालत तडक दवाखाना गाठा.

अक्षयतृतीयेला आईच्या नावानं पाण्याची घागर देते, तेव्हा आता मुलंही बरोबर असतात. तिचं घर राहिलं नाही याचं दुःख आहेच, ते जायचं नाही. पण गेल्या महिन्यात मोठ्यानं आपणहून मामाला फोन केला, “मामा, या सुट्टीत ताई-दादाला इकडे पाठव. आम्ही त्यांना सावली गायब करून दाखवणार आहोत.” भाऊ हसला आणि हो म्हणाला. कबर, स्टेशन, गिरडचे दगड अशी यादी भिंतीवर लागली आहे. चार मुलं म्हणजे गच्चीवर आणखी दोन गाद्या लागतील आणि एक माठ जास्तीचा. माठ कालच आणला, पाणी घालून मुरत ठेवला आहे.