चारी चाके आणि काळी माती

सौताड्याचा धबधबा पाहावा तो श्रावणातच! म्हणून सगळे कुटुंब गाडीत घालून आम्ही बीडहून निघालो. आमची गाडी चारी चाकांनी ओढणारी. दहा वर्षांत तिने कधी दगा दिला नव्हता, आणि हे चारचौघांत सांगताना माझी मान ताठ होत असे. मांजरसुंब्याचा घाट ती हसतखेळत चढली. पाटोद्यापुढे मात्र मला आडवाटेने जाण्याची हुक्की आली.

"अहो, डांबरी रस्ताच बरा," हिने सुचवले. पण ऐकतो कोण!

रात्री पाऊस झालेला. गाडी रुतली तसा मी दुसरा दांडा ओढला. चारी चाके फिरली, पण जागच्या जागी! काळ्या चिकणमातीने टायरांच्या खाचा बुजल्या होत्या. खाचा बुजल्या, की चाके दोन काय नि चार काय, सारखीच घसरतात. मागे मुले रडकुंडीला आलेली, वर आभाळ भरून आलेले.

अखेर एका शेतकऱ्याने बैलजोडी लावून गाडी ओढून काढली. पैसे काही घेईना. एवढेच म्हणाला, "गाडी चांगली हाय सायेब, पर वल्ल्या काळ्या रानात आमी बैलगाडीबी घालत न्हाई."

विंचरणेची ती शुभ्र धार डोळे भरून पाहिली. परतताना मी गप्प होतो. गाडी भरवशाची होतीच. भरवसा नव्हता तो हाकणाऱ्याचा!