‘दुसरा शिंदे’: प्रकारनाम आणि गायकाची प्रतिमा

किल्लारी हे माझे आजोळ. १९८० नंतर कॅसेट स्वस्त झाली आणि ज्या घरांत ग्रामोफोनची तबकडी कधी आली नव्हती, तेथे टेपरेकॉर्डर पोहोचला. मामांनी औशाच्या बाजारातून आणलेल्या कॅसेटच्या वेष्टनावर विठ्ठलाचे चित्र होते. गायक प्रल्हाद शिंदे. एकदा शेतातून परतताना बौद्ध वस्तीत तोच आवाज ऐकला. गाणे बाबासाहेबांचे होते. घरी सांगितले, तेव्हा मामा सहज म्हणाले, “आरं, त्यो दुसरा कुणी शिंदे आसंल.”

या वाक्याने माझा पिच्छा सोडलेला नाही. त्यात जातीचा पूर्वग्रह होता, हे उघड आहे. परंतु त्या पूर्वग्रहाला बाजारपेठेचा आधारही होता. साहित्यप्रकारांची चर्चा करताना आपण हान्स रॉबर्ट याउसच्या अपेक्षांच्या क्षितिजाचा हवाला देतो. कॅसेटच्या व्यवहारात हे क्षितिज वेष्टनावरच छापलेले असे. भक्तिगीत, लोकगीत, भीमगीत ही नावे गाण्याचे वर्णन जितके करीत, त्याहून अधिक ग्राहक निवडीत. प्रत्येकाचा हंगाम निराळा: विठ्ठलगीतांची आषाढी, गणेशगीतांचा भाद्रपद, भीमगीतांची १४ एप्रिल. विक्रीच्या जागाही निराळ्या. दीक्षाभूमी आणि चैत्यभूमीच्या परिसरात पथारीवर लागणारी दुकाने हा स्वतंत्रच बाजार. त्यामुळे कधीही एका पंगतीला न बसणाऱ्या श्रोत्यांना एकच आवाज विकता आला. उत्पादकाचा त्यात लाभ होता. गायकाची प्रतिमा मात्र दुभंगली.

तथापि प्रकारनाम म्हणजे निव्वळ बाजाराचा शिक्का, असेही म्हणता येत नाही. वामनदादा कर्डकांची (१९२२-२००४) गाणी कॅसेट येण्यापूर्वीच गावोगाव गायली जात होती. त्यांचा श्रोतृवर्ग चळवळीने घडविला. बाजार नंतर आला. म्हणून ‘प्रकार विसरा, आवाज तेवढा ऐका’ हा वरकरणी उदार आग्रह मला मान्य होत नाही. त्याने भीमगीताचा आशयच पुसला जातो. मामांना भीमगीत हा प्रकार अमान्य नव्हता. दोन्ही प्रकार एकाच माणसाचे आहेत, हे अमान्य होते.

२९ सप्टेंबर १९९३ च्या रात्री, अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीत, कर्ण्यावर शिंद्यांचीच गणेशगीते लागली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी गाव कोसळले. पुढे पत्र्याच्या शेडमध्ये ढिगाऱ्यातून निघालेल्या काही कॅसेट आल्या. वेष्टने नव्हती, लेबले मातीत गेलेली. मामांनी एक लावली. ती भीमगीतांची निघाली. त्यांनी ती बंद केली नाही. कोणाच्या घरची, हेही विचारले नाही. शेवटपर्यंत ऐकली.

काही महिन्यांनी ते नवी कॅसेट घेऊन आले. वेष्टनावर विठ्ठल होता.