झाशी देणार नाही

रेल्वेत खिडकीची जागा सोडायची नसली की माणसं हसत म्हणतात, ‘मैं मेरी झांसी नहीं दूंगी.’ टीव्हीचा रिमोट, डब्यातला शेवटचा लाडू, कशालाही हे वाक्य चालतं. पुरुषसुद्धा ‘दूंगी’च म्हणतात आणि त्यावर हशा पिकतो. मला त्या हसण्यात कधी सामील होता आलं नाही.

साताऱ्याला आमच्या घरी याचाच दुसरा प्रकार चालायचा. मुलीने उलट उत्तर दिलं, भावाइतकं दूध मागितलं, की आजी म्हणायची, ‘आली मोठी झाशीची राणी!’ शाळेत राणीचा धडा घोकून घ्यायचे आणि घरी तिच्याच नावाने आमची तोंडं बंद करायचे. हे विसंगत आहे, एवढं मला तेव्हाही कळायचं. पुढे बँकेच्या नोकरीत बदली होऊन झाशीला आले. वाटलं, इथे तरी हे नाव जपून घेत असतील. थोड्याच दिवसांत भाजीबाजारात भाव करणाऱ्या एका बाईला उद्देशून ऐकलं, ‘बड़ी आई झांसी की रानी!’

मग ‘झांसी नहीं दूंगी’ हे मूळ वाक्य नेमकं कुठलं, ते मी शोधलं. राणीचे पती, झाशीचे राजे गंगाधरराव यांनी २० नोव्हेंबर १८५३ला मुलगा दत्तक घेतला आणि दुसऱ्याच दिवशी ते गेले. गव्हर्नर जनरल डलहौसीने दत्तक नामंजूर करून १८५४मध्ये संस्थान खालसा केलं. राणीने जॉन लँग या वकिलाला बोलावून घेतलं. मूळचा ऑस्ट्रेलियातला हा माणूस कंपनी सरकारविरुद्ध कोर्टात उभा राहिलेला होता. बोलणं पडद्याआडून चाललं होतं. मध्येच छोट्या दामोदररावाने, त्या दत्तक मुलाने, पडदा सारला आणि लँगला राणी ओझरती दिसली. लँगचा सल्ला व्यवहारी होता: विलायतेला दाद मागा आणि तोवर आपला हक्क राखून, निषेध नोंदवून कंपनीने देऊ केलेली पेन्शन घेत राहा. ती पेन्शन घ्यायला आधी नकार देताना राणी जे बोलली, ते लँगने १८५९च्या आपल्या पुस्तकात नोंदवलं. तिथे ‘मेरी’ नाही, ‘मेरा झांसी’ आहे. मराठी माणसाच्या तोंडचं हिंदी मला त्यात स्पष्ट ऐकू येतं.

म्हणजे हे वाक्य बुरुजावरून कुणी गरजलेलं नाही. घोडा नाही, तलवार नाही. समोर वकील आहे, हाताशी दत्तविधानाचे कागद आहेत, मांडीशी पाच-सहा वर्षांचं पोर आहे, आणि पंचविशीच्या आसपासची एक विधवा म्हणते आहे की हक्काच्या बदल्यात मला तनखा नको. तिने अर्जांमागून अर्ज केले. ते सगळे फेटाळले गेले. लढाई त्यानंतर तीन-चार वर्षांनी आली. आपण किल्ल्यातली कडकबिजली तोफ बघतो, राणीने उडी मारली म्हणतात ती जागा बघतो, फोटो काढतो. अर्ज लिहिणारी राणी मात्र कुणी दाखवत नाही. तिचा शब्द खिडकीच्या जागेसाठी वापरला की मला राग येतो, तो यासाठी.

गेल्या वर्षी आमच्या शाखेत एक बाई दिरासोबत आली. नवरा नुकताच गेलेला. पदराच्या टोकाला पासबुक गुंडाळलेलं. खात्यातल्या पैशांवर आपला हक्क नाही, असं लिहिलेला कागद दिराने तयार करूनच आणला होता. तिने तो सावकाश, ओळीवर बोट ठेवत वाचला आणि पेन टेबलावर ठेवलं. ‘दस्तखत नहीं करेंगे.’ दीर सगळ्या शाखेला ऐकू जाईल असा ओरडला, ‘बड़ी आई झांसी की रानी!’

रांगेतले दोघं-तिघं हसले. मी आतून खुर्ची मागवली, बाईला बसवलं आणि दाव्याचा फॉर्म तिच्यासमोर ठेवून कुठे काय भरायचं ते सांगायला लागले.