अनुपान

आमच्या पिढीतल्या बहुतेकांच्या पोटात पहिले औषध गेले ते पाण्याबरोबर नव्हे. सहाणेवर जायफळ, हळकुंड, वेखंड, मुरुडशेंग यांचे मोजून वेढे उगाळायचे आणि ती बाळगुटी आईच्या दुधातून चाटवायची, ही घरोघरची रीत होती. पुढे खोकला झाला तर सितोपलादी मधातून. पोट फुगले तर हिंग्वाष्टक तुपात कालवून भाताच्या पहिल्या घासाला. आणि एरंडेलाचा प्रसंग आलाच तर सुंठीच्या काढ्यातून! औषध एकटे कधी आलेच नाही. त्याचे बोट धरून कोणीतरी गोड, स्निग्ध किंवा ऊनऊन असे आले.

वैद्यांनी या सोबत्याला फार सुंदर नाव दिले आहे : अनुपान. चरक-सुश्रुतांनी त्याचा स्वतंत्र विचार केला आहे. अनु म्हणजे मागून. औषधाच्या मागून जे प्यायचे ते अनुपान. अंधाऱ्या बोळातून जाताना आपल्या मागून कोणी घरचे माणूस येत आहे, असा धीर मला त्या शब्दात वाटतो.

गोळी आली आणि हा सोबती सुटला. गोळी पाण्याने घ्यायची. पण आपली माणसे इतक्या सहजासहजी सवय सोडणारी नाहीत. त्यातून मी राहतो शाहूपुरीत. 1895 साली शाहू महाराजांनी वसवलेली ही पेठ गुळाच्या व्यापारावर वाढली. गावात गंगावेशीला म्हशीच्या धारोष्ण दुधाचा कट्टा. अशा मुलखात नुसत्या पाण्याला कोण विचारतो? कोणी ताकद यावी म्हणून गोळी दुधातून घेतो, कोणी घशाखाली उतरावी म्हणून चहाबरोबर.

माझ्या आईचेही तसेच होते. थायरॉइडची गोळी ती रोज पहाटे पाच वाजता गुळाच्या चहाबरोबर घेई. वर्ष सरत आले तरी तिचा थकवा जाईना. पाय सुजत. जिना चढताना मध्येच बसे. सत्तरी उलटलेली ही बाई नातवंडांची नावे घेताना अडखळू लागली, तेव्हा आम्हा सगळ्यांच्या मनात नको ते विचार येऊ लागले. रक्त तपासावे, आकडा वाढलेला दिसावा, गोळी थोडी मोठी व्हावी, असे तीनदा झाले. शेवटी डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवून विचारले, "आजी, गोळी कशाबरोबर घेता?"

"चहासंगं," आई म्हणाली. "नुसत्या पाण्यासंगं गिळली की दवाखान्यात पडल्यागत वाटतंय बघा."

डॉक्टर हसले नाहीत, म्हणून मला ते आवडले. त्यांनी शांतपणे समजावून सांगितले. चहा, कॉफी, दूध यांच्या संगतीत हे औषध आतड्यातून रक्तात पुरते उतरत नाही. गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याने घ्यायची आणि निदान अर्धा तास, जमले तर तासभर, चहाला शिवायचे नाही.

रसायनशास्त्राशी माझी ओळख शाळेपुरतीच. पण त्या दिवसापासून मी हा विषय वाचीत आलो. टेट्रासायक्लिनसारखे औषध दुधातल्या कॅल्शियमला असे बिलगते की दोघेही रक्तापर्यंत न पोचता वाटेनेच निघून जातात. लोहाची गोळी चहाबरोबर घेतली तर चहातला तुरटपणा लोहाला अडवतो. तीच लिंबाच्या सरबताबरोबर घ्या, लोह अधिक शोषले जाते. आणि ग्रेपफ्रूटची कथा तर कादंबरीत शोभावी अशी आहे. आपल्या पपनसाच्या कुळातले हे फळ. रक्तदाबाच्या फेलोडिपिन या औषधावर मद्याचा काय परिणाम होतो, हे कॅनडात बेली नावाचे संशोधक तपासत होते. मद्याची चव लपावी म्हणून त्यांनी या फळाचा रस वापरला. पाहतात तो रक्तात औषध अपेक्षेच्या कितीतरी पट! 1989 साली ही गोष्ट प्रसिद्ध झाली. औषधाचा काही भाग आतड्याच्या भिंतीतच मोडून टाकणारे एक विकर असते; त्या विकरालाच हे फळ निकामी करते. गुन्हेगार औषध नव्हते, मद्यही नव्हते. साळसूदपणे सोबत आलेला रस होता.

म्हणजे अनुपानाकडे लक्ष देणारे आपले जुने वैद्य मुळात चुकीचे नव्हते. औषधाबरोबर कोण जाते याला महत्त्व आहेच. फरक एवढाच की, कोणाबरोबर कोणाला पाठवायचे हे आता जिभेला विचारून चालत नाही; डॉक्टरांना विचारावे लागते. आणि शंका असेल तेव्हा पाणी बरे, कारण पाणी सोबत करते, पण मध्ये बोलत नाही.

हे सारे मला पटले. आईला पटायला वेळ लागला, आणि त्याचे कारण पुस्तकात नव्हते. वडील गुळाच्या अडत दुकानात दिवाणजी होते. सौद्याला वेळेवर पोचायचे म्हणून दोघे पहाटे पाचला उठत आणि चुलीपाशी बसून चहा पीत. दिवसभरात दोघांना निवांत असा तेवढाच वेळ मिळे. वडील जाऊन नऊ वर्षे झाली. पाच वाजताचा चहा राहिला. डॉक्टर गोळीला चहापासून वेगळे करीत होते. आईला वाटत होते, आपल्यालाच कोणी त्या चहावरून उठवीत आहे.

मग मीच पाचला उठू लागलो. आई पाण्याने गोळी घेते. मी घड्याळ समोर ठेवतो. साडेपाचपर्यंत आम्ही दोघे बोलत बसतो. शाळेत जाणाऱ्या मास्तराला आणि रात्री लिहीत बसणाऱ्या लेखकाला ही झोप महाग पडते, पण या अर्ध्या तासात वडिलांविषयी मी जे ऐकले ते त्यांच्या हयातीत मला ठाऊक नव्हते : रव्याला टोची मारून आतला गूळ ते कसे पारखीत, पहिल्या पगारात त्यांनी काय आणले, माझ्या जन्माच्या रात्री ते पावसात कसे उभे होते.

तीन महिन्यांनी आकडा उतरला. सूज गेली. नातवंडांची नावे परत आली. आता तू झोपलास तरी चालेल, असे आई म्हणेल असे मला वाटले होते. परवा साडेपाचला मी आधण ठेवायला उठलो, तर ती म्हणाली, "बस की जरा. अजून पाच मिनिटं हाईत."

मी घड्याळाकडे पाहिले. पाच मिनिटे केव्हाच उलटून गेली होती. मी खाली बसलो.